उसाचा पाला (पाचट) पेटवायचा की सरीत ठेवायचा?

ऊस तुटून गेला की कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-कागलकडं हाच प्रश्न असतो. पेटवायला खर्च नाही, रान तासाभरात मोकळं. पण हेक्टरी 8-10 टन पाचट, म्हणजे फुकटचं सेंद्रिय खत, राख होतं. थंडीत धूर गावावरच बसतो. त्यातले पीएम 2.5 म्हणजे अतिबारीक कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात. दमेकरी म्हाताऱ्यांचे आणि पोरांचे हाल होतात. बांधावरचं प्लास्टिक तर त्यात टाकूच नका. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाच्या न्यायालयानं) 2016 मध्ये 5,000 रुपये दंड ठरवलाय.

सरीत ठेवायचा तर पाल्याची कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करायला यंत्राचं भाडं, वर तो कुजवायला युरिया, सुपर फॉस्फेट, जिवाणू संवर्धक. पण ओल टिकते, तण दबतं.

खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) राखणार असाल तर पाला सरीतच ठेवा. रान मोडणार असाल तर रोटाव्हेटरनं गाडा.