झोपतानाचं नवं चित्रपुस्तक: गोष्ट सुरेख, शेवटच्या सहा पानांनी मात्र घात केला

झोपताना मुलांना वाचून दाखवायच्या एका नव्या मराठी चित्रपुस्तकाबद्दल हे लिहितोय; त्याची गोष्ट, वयोगट, किंमत इथे सांगत नाही. काही महिने रोज रात्री हाताळल्यावर जे दिसतं, ते इथे लिहायचंय. सुरुवात शेवटच्या सहा पानांपासून, कारण राग तिथलाच आहे.

रात्र चढते तशी चित्रं गडद होत जातात, ही कल्पना उत्तम. पण ही सहा पानं गर्द निळी आणि त्यांवर मजकूर बारीक पांढऱ्या अक्षरांत. ही पांढरी अक्षरं म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद. रंगीत चित्र चार शाया एकावर एक छापून तयार होतं; त्यांतली एखादी छापताना केसभर सरकली तरी शाई अक्षरात शिरते आणि देवनागरीत सगळ्यात आधी अनुस्वार आणि रफार बुजतात. पान २१ वर ‘पांघरूण’चं टिंब गेलंय, ‘सूर्य’चा रफार पुसट. मोठी माणसं अंदाजाने वाचतात, पण नुकतं अक्षरं जुळवायला लागलेलं मूल तिथेच अडकतं. जाड टाइप वापरला असता किंवा फिकट पट्टा सोडून काळ्या अक्षरांत मजकूर दिला असता तर हे झालंच नसतं. सगळ्याच प्रती सारख्या बिघडलेल्या नसतात, त्यामुळे घेताना दुकानातच हे पान उघडून पाहा.

त्यात भर दिव्याची. झोपायच्या खोलीत बहुधा पिवळा दिवा असतो. त्या उजेडात निळा अंश फार कमी, म्हणून गर्द निळी शाई काळी दिसते. दिवसा खिडकीपाशी धरलं की जांभळं मांजर, निळं छप्पर, मागचा डोंगर वेगवेगळे ओळखू येतात; रात्री सगळा मिळून एकच काळा ठोकळा. आणि चित्रातलं मांजर शोधायचा खेळ नेमका याच पानांवर! कागद चकचकीत, त्यामुळे डोक्यामागच्या दिव्याचा पांढरा डाग पानावर पडतो. दिवा एका बाजूला, पुस्तकाच्या जरा वर ठेवला आणि पुस्तक किंचित दुसऱ्या बाजूला कललं की डाग सरकतो. मांजर तरीही दिसत नाही.

अंधार दाखवायला चित्र बुडवावं लागत नाही. मार्गारेट वाइज ब्राउन आणि क्लेमेंट हर्ड यांच्या १९४७ च्या ‘गुडनाइट मून’ या इंग्रजी चित्रपुस्तकात खोली हळूहळू अंधारते, घड्याळ ७ वरून ८ वाजून १० मिनिटांवर जातं, तरी छोटा उंदीर शोधता येतो.

मजकुराबद्दल मात्र मत पार बदललं. दर दोन पानांनी तीच ओळ येते, ती आधी भरताड वाटली होती. पण ती नेहमी पान उलटल्यावरच येते, त्यामुळे वाचणाऱ्या आजीचा किंवा बाबांचा आवाज आपोआप खाली येतो आणि मूल ती स्वतःच पुटपुटायला लागतं. सुरुवातीची वाक्यं बारा-चौदा शब्दांची, शेवटची तीन-चार शब्दांची. ही मेहनत मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. खटकतो तो फक्त पान १७ वरचा ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न. पेंगुळलेलं मूल उत्तर द्यायला उठून बसतं. तेवढा गाळून वाचावा.

आता बांधणी. २४ पानं आणि मधोमध दोन पिना. मूल कोपरा ओढून पान उलटतं, तो ताण पिनेच्या भोकावर येतो, भोक फाकतं आणि मधला ताव सुटतो. या तक्रारीवर ‘मुलांनी ओढलं असेल’ हे प्रकाशकांचं उत्तर पटण्यासारखं नाही. ओढणाऱ्या मुलांसाठीच तर पुस्तक काढलंय. पावसाळ्यात पिना गंजून डाग पडतात, ते वेगळंच. त्यापेक्षा पिना काढून दोऱ्याने शिवून घ्या. मधलं पान उघडून जाड सुईने घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन टोकांपासून साधारण ४ सेंटिमीटर आत. पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट जाड सुती दोरा मेणबत्तीवर घासून घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं वगळून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनेच ओढा, पानावर काटकोनात ओढलात तर कागद फाटतो.

पाणी सांडलं तर पानं लगेच एकमेकांपासून वेगळी करून पुस्तक उभं वाळवा. अशा चकचकीत कागदावरचा (आर्ट पेपर) लेप ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रच सोलून निघतं.