व्हीआरएफ एसी बीएमएसला जोडल्यानंतर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो. एसी बीएमएसवर, म्हणजे इमारतीतली यंत्रं एका संगणकावरून बघायच्या-चालवायच्या यंत्रणेवर, आणण्यात फायदा आहे, पण विक्रेता डेमोमध्ये दाखवतो तो नाही. ऑपरेटरने खुर्चीत बसून अख्ख्या इमारतीचं तापमान फिरवायचं, हा प्रकार आम्ही जवळपास सोडून दिला आहे. वेळापत्रक, फॉल्टची वेळेवर खबर आणि कुठलं युनिट किती तास चालतंय त्याचा ट्रेंड, एवढ्या तीन गोष्टींसाठी मात्र मी पुन्हा पैसे मोजेन.

आमची इमारत पुण्यात बाणेरला. सगळी ऑफिसं, सगळे भाडेकरू. गच्चीवर व्हीआरएफची, म्हणजे एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या एसीची, आउटडोअर युनिटं, खाली शंभरेक इनडोअर : छतात बसणाऱ्या कॅसेट आणि डक्टमधून हवा देणारी डक्टेबल. बीएमएस आधीपासून होतं, पण त्यावर पंप, टाक्या, डीजी (जनरेटर) आणि लिफ्टचे स्टेटस एवढंच. संध्याकाळी सिक्युरिटीवाला मजल्यामजल्यावर फिरून रिमोट बंद करायचा आणि ज्या केबिनला कुलूप, तिथला एसी सकाळपर्यंत रिकाम्या खुर्च्यांना थंड करत बसायचा.

व्हीआरएफची इनडोअर-आउटडोअर युनिटं आपसात बोलतात ती कंपनीच्या स्वतःच्या भाषेत, दोन कोअरच्या वायरवरून. बीएमएसला ती कळत नाही म्हणून मध्ये गेटवे लागतो. गेटवेने बीएमएसशी कुठल्या भाषेत बोलायचं याचे पर्याय दोन होते, मॉडबस आणि बॅकनेट. मॉडबस १९७९चा, स्वस्त, कुठल्याही पॅनलवाल्याला माहीत असलेला. पण त्यात नुसते रजिस्टरचे आकडे येतात, कुठला आकडा म्हणजे काय ते तक्त्यात शोधायचं. वर एकाच्या मॅन्युअलमध्ये मोजणी शून्यापासून आणि दुसऱ्याच्या एकपासून, त्यामुळे सेटपॉइंटच्या (हव्या त्या तापमानाच्या) जागी पंख्याचा वेग वाचला जातो. बॅकनेट हे आश्रे या अमेरिकेतल्या एसी-अभियंत्यांच्या संस्थेचं, १९९५ पासूनचं, मुळात इमारतींसाठीच बनवलेलं. त्यात प्रत्येक पॉइंटसोबत, म्हणजे वाचायच्या किंवा बदलायच्या एकेका गोष्टीसोबत, त्याचं नाव, एकक आणि स्थितीही येते. आम्ही बॅकनेट आयपी, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरून चालणारं, घेतलं. एका गेटवेवर ६४ इनडोअरच बसत होते, म्हणून दोन गेटवे.

खरा वेळ गेला तो मॅपिंगमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठल्या खोलीतला ते जुळवण्यात. एसी बसवणाऱ्यांनी ऑटो अॅड्रेसिंग करून ठेवलं होतं. म्हणजे मशीनने मनाला येईल तसे नंबर वाटले होते, त्यांचा खोल्यांच्या क्रमाशी काही संबंध नाही. मग एकजण स्क्रीनसमोर, दुसरा फोन कानाला लावून मजल्यावर. “एक-सतरा चालू केलाय, बघ कुठला लागला.” “इथे काहीच नाही.” “अरे, लूव्हर हलतंय का बघ ना.” “थांब... पँट्रीतला उघडला!” ग्राफिकवर तो डायरेक्टरची केबिन म्हणून झळकत होता. असं प्रत्येक कॅसेटचं. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी अॅड्रेस हाताने द्यायला लावा आणि तो नंबर कॅसेटच्या पॅनलवर आतल्या बाजूने मार्करने लिहून घ्या. फॉल सीलिंग लागल्यावर हे काम दुप्पट महाग पडतं.

दुसरी गंमत डिव्हाइस इन्स्टन्सची, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाच्या ओळख-नंबरची. बॅकनेटमध्ये हा नंबर ० ते ४१,९४,३०२ यातला कुठलाही देता येतो. एवढी मोकळीक असूनही आमचे दोन्ही गेटवे कारखान्यातून एकच नंबर घेऊन आले. बीएमएसला कधी पहिला दिसायचा, कधी दुसरा, आणि बसवणारे केबल बदलत राहिले. त्यातून सुटलो तर पुढे नेटवर्क. गेटवे एका सबनेटवर (नेटवर्कच्या एका भागावर), बीएमएस सर्व्हर दुसऱ्यावर. बॅकनेटची ‘कोण आहे तिकडे’ ही हाक ब्रॉडकास्ट असते, ती राउटर ओलांडत नाही. त्यासाठी ती हाक पलीकडे पोचवणारा बीबीएमडी सेट करावा लागतो आणि यूडीपी ४७८०८ हा पोर्ट उघडून घ्यावा लागतो. आयटीवाल्यांना पहिल्या मीटिंगलाच बोलवा, शेवटच्या नाही.

आता ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त भांडणं झाली ते. बॅकनेटमध्ये कमांडची १६ पायऱ्यांची उतरंड असते. आकडा जितका लहान तितका हुकूम मोठा. १ आणि २ जीवितसुरक्षेसाठी राखलेले, ८ म्हणजे ऑपरेटरने हाताने दिलेला हुकूम, वेळापत्रक बहुतेक ठिकाणी १६ वर. ऑपरेटरने ८ वर ‘चालू’ लिहिलं आणि नंतर ते सोडलं नाही, तर १६ वरचं वेळापत्रक कितीही वेळा ‘बंद’ म्हणालं तरी कोणी ऐकत नाही. एका भाडेकरूचा शनिवारी कार्यक्रम होता, म्हणून ऑपरेटरने तो मजला हाताने चालू केला. तो तसाच राहिला आणि रविवारभर तो मजला कोणीही नसताना गारेगार. स्क्रीनवर वेळापत्रक अगदी बरोबर दिसत होतं. आता आम्ही बीएमएसमध्ये नियम घालून घेतलाय की हाताने दिलेली कमांड दोन तासांनी आपोआप सुटते. ही सोय मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

शिवाय भिंतीवरच्या रिमोटला ही उतरंड माहीतच नाही. आमच्या गेटवेमध्ये ज्याने शेवटचं बटण दाबलं तो जिंकतो. रिमोट पूर्ण लॉक करून पाहिले, तर भाडेकरूंचे फोन थांबेनात. शेवटी लॉक काढून फक्त तापमानाची रेंज बांधून दिली, २२ ते २६ अंश. सुरुवात २४ वर. २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींना २४ डिफॉल्ट ठेवणं सक्तीचं आहे. तो नियम व्हीआरएफचा नाही, पण “सरकारनेच २४ सांगितलंय” हे वाक्य वादात फार कामाला येतं.

स्क्रीनवरच्या तापमानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो आकडा बहुतेक वेळा कॅसेटच्या रिटर्न एअरचा, म्हणजे छताजवळचा असतो. खाली टेबलाशी बसलेल्या माणसाला वेगळंच जाणवतं. ज्या खोल्यांतून तक्रारी येत होत्या तिथे सेन्सिंग रिमोटवर घेतलं आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही. काही प्रोग्रामर आळसापायी दर मिनिटाला सगळ्या युनिटांना सेटपॉइंट पुन्हा पुन्हा लिहीत राहतात. बऱ्याच इनडोअर युनिटांत हा आकडा ईईप्रॉम या वीज गेल्यावरही नोंद ठेवणाऱ्या चिपमध्ये साठतो आणि त्या चिपच्या लिहिण्याला मर्यादा असते. बदल झाला तरच लिहायचं, हे वर्क ऑर्डरमध्ये घाला.

पावसाळ्यात दोन अनुभव आले, एक चांगला, एक वाईट. चांगला असा की एसीचं पाणी उपसणाऱ्या ड्रेन पंपाच्या फ्लोटचा (पाण्याची पातळी वाढल्याचा) अलार्म बीएमएसवर आला आणि टाइलवर डाग पडायच्या आत माणूस शिडी घेऊन पोचला. पूर्वी छत गळून एखाद्याच्या कीबोर्डवर पाणी पडल्यावर कळायचं. मात्र फॉल्ट कोड गेटवेतून नुसता आकडा म्हणून येतो, रिमोटवर दिसतो तसा अक्षर-आकडा नाही. तक्ता मागून घेऊन मराठीत मजकूर टाकून घेतला, कारण रात्रीच्या शिफ्टच्या ऑपरेटरला ‘३८’ बघून काय कळणार?

वाईट असा. गच्चीवरच्या एका जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं आणि एका आउटडोअरची अख्खी लाइन मुकी झाली. बीएमएसवर सगळं हिरवंगार. गेटवे शेवटचा वाचलेला आकडाच दाखवत राहिला. ट्रेंड उघडल्यावर दिसलं, सगळ्या खोल्यांची तापमानं पट्टीने आखल्यासारखी सरळ. संपर्क तुटल्याचा पॉइंट गेटवेमध्ये होता, पण तो बीएमएसवर घेतलेलाच नव्हता, कारण पॉइंटमागे लायसन्सचे पैसे लागतात म्हणून कोणीतरी यादीतून उडवला होता. बाकी काहीही उडवा, हा एक ठेवा.

वीज भाडेकरूंमध्ये वाटायची सोयही आम्ही घेतली. ही मीटरिंग नाही. आउटडोअरच्या मीटरचे युनिट प्रत्येक इनडोअरच्या वापराच्या अंदाजाने वाटले जातात. आपसात मान्य असेल तर ठीक, कोर्टात दाखवायला नाही. किती टक्के बचत झाली म्हणाल तर मी आकडा देणार नाही. यंदाचा मे वेगळा, भाडेकरू वेगळे, आणि विक्रेत्यांचे ते ठरलेले टक्के मी बरेच ऐकलेत. कुलूपबंद केबिनमधले रात्रीचे रनिंग अवर्स ट्रेंडमधून गेले, एवढं छातीठोक सांगतो.

फायर अलार्मला एसी बंद करायचं काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. पॅनलपासून पोटेन्शियल फ्री कॉन्टॅक्टची (स्वतःचा वीजदाब नसलेल्या साध्या स्विचची) स्वतंत्र वायर हवीच. नेटवर्क स्विच बंद पडल्यावरही ते चाललं पाहिजे. आणि बॅकनेट आयपीला पासवर्ड नसतो. सुरक्षित आवृत्ती आता बॅकनेटच्या मानकात आली आहे, पण आमचे गेटवे जुन्या पद्धतीचेच, त्यामुळे वेगळा व्हीलॅन (बाकीच्यांपासून तोडलेला नेटवर्कचा भाग) करून घेतला. त्याच नेटवर्कवर पाहुण्यांचं वायफाय चालू असलेली ऑफिसं मी पाहिली आहेत.

सर्व्हिसचं म्हणाल तर टोलवाटोलवी आहेच. एसीवाला म्हणतो गेटवे बघा, बीएमएसवाला म्हणतो लाइन बघा. आता एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) दोघांनी एकत्र व्हिजिट द्यायची अट टाकली आहे आणि ती पाळतात. अजून अडकलंय ते हँडओव्हरपाशी. दुसऱ्या गेटवेची कॉन्फिग फाइल आणि अॅडमिन पासवर्ड ठेकेदाराच्या लॅपटॉपवरच आहे. बिलाचे शेवटचे दहा टक्के मी त्यासाठीच अडवून ठेवलेत.