मिशनच्या होस्टेलचा रिव्ह्यू, पोरगं अजून तिथेच आहे म्हणून नाव नाही टाकलं

5 पैकी 4 स्टार. एक कुठं कापला ते खाली येईलच. होस्टेलचं नाव अन गाव मुद्दाम लिहून नाही राहिली, कारण यात तक्रारी पण आहेत अन उगाच माझ्या पोट्ट्याला कोणी मेसमध्ये टोमणे नको मारायला. यवतमाळ जिल्हा समजा, मेन रोड सोडून आत, चारी बाजूनं पऱ्हाटी अन तूर, मधातच मोठं कंपाउंड, त्यात चर्च, शाळा, पोरांचं होस्टेल, गोठा, भाजीची वाडी.

आधी चालवते कोण ते समजून घ्या, कारण ॲडमिशनच्या वेळी अर्ध्या पालकांना वाटते की हा कोणा मालकाचा धंदा आहे अन फादर म्हणजे मालक. तसं नाही. कॅथलिक लोकांमध्ये फादर अन ब्रदर यांचे संघ असतात, एकाच छताखाली राहतात, लग्न नाही, स्वतःच्या नावानं काही नाही, अन वरून ऑर्डर आली की पेटी उचलून दुसऱ्या गावी. आपल्या विदर्भात असे बरेच संघ आहेत. फ्रान्सच्या अनेसी गावात 1838 मध्ये पीटर मेर्मिए नावाच्या फादरनी जो संघ काढला त्यांचे लोक नागपूरकडे इंग्रजांच्या काळापासून आहेत, सेमिनरी हिलवरचं एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) कॉलेज तुम्ही बघितलंच असेल. पॅलोटाईन लोकांचं वर्धा रोडवर इंजिनिअरिंग कॉलेज आहे, माझ्या बहिणीचा पोरगा तिथूनच निघाला, त्यांचा मूळ माणूस रोमचा व्हिन्सेंट पॅलोटी, 1835 मध्ये संघ सुरू केला अन 1837 मध्ये रोममध्ये कॉलरा आला तेव्हा लोकांच्या मदतीला धावला. अन चंद्रपूर-गडचिरोलीकडे जास्त करून केरळचे सीएमआय फादर (सीएमआय म्हणजे त्यांच्या कार्मेलाईट संघाचं छोटं नाव), 1962 मध्ये बल्लारपूरला त्यांच्यातल्याच एका फादरच्या हाताखाली चांद्याचा धर्मप्रांत, म्हणजे चर्चच्या कारभाराचा इलाखा, सुरू झाला. माझ्या पोराचं होस्टेल यातल्याच कोणाचं आहे की चौथ्याच कोणाचं, ते गुपित राहू द्या.

आता जेवण, कारण सगळ्यात पहिले हेच विचारतात. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी वरण-भात-पोळी-भाजी, रात्री पण तेच. आलू लय. पोराचा पहिल्या महिन्याचा फोन म्हणजे, "आई, येथं आलूच आलू रायते वं." आलूवांगं, आलूमटर, आलूकोबी, अन सणाला आलूचा रस्सा. रविवारी चिकन, शुक्रवारी नॉनव्हेज नाही, त्यांचा उपासाचा नियम आहे. पण भाजी वाडीतली, दूध गोठ्यातलं, अन जेवायला फादर-ब्रदर पोरांच्याच पंगतीत बसतात, त्यांच्या ताटात पण तोच आलू, हे मी न सांगता जाऊन पाहिलं आहे. ठेचा घरून दिला तर चालते, लोणचं पण, पण एकट्यानं खायचं नाही, टेबलावर मधात ठेवायचं. माझी बरणी एका जेवणात संपते.

फीची गोष्ट चांगली आहे. आम्ही कास्तकार, जूनमध्ये आमच्याकडे पैसे नसतात, बियाणं-खतातच सगळं जाते. ऑफिसमधल्या फादरनी स्वतःहून सांगितलं की थोडे आता भरा, बाकी दिवाळीनंतर कापूस निघाला की भरा. पावती दर वेळी मिळते. दोनदा आठवण करून देतात, पण पोराला वर्गात उभं करत नाहीत, गावाजवळच्या एका खाजगी शाळेत आमच्या मोठीसोबत ते झालं होतं.

सीएमआयवाल्यांच्या चावरा नावाच्या संताची एक गोष्ट एका फादरनी पालकसभेत सांगितली ती मला लय आवडली. 1805 ते 1871 चा माणूस, केरळचा, प्रत्येक चर्चला लागून शाळा पाहिजे असा त्याचा आग्रह, अन गरिबाची पोरं उपाशी शिकणार कशी म्हणून घराघरातल्या बायांना सांगितलं की रोज भात रांधताना एक मूठ तांदूळ बाजूला काढा, तेच शाळेत यायचं अन पोरं जेवायची. 2014 मध्ये त्याला संत घोषित केलं. आपल्याकडे भंडाऱ्याला घरोघरून धान्य गोळा करतातच की, म्हणून समोर बसलेल्या म्हाताऱ्या पण माना हलवून राहिल्या होत्या, बाकी भाषण त्यांना काही समजलं नसावं, फादरची मराठी अजून मल्याळीच आहे. पोरांनी त्यांना "जेवला का बे" शिकवून ठेवलं होतं अन ते एका पालकालेच तसं बोलले, मग काय.

बाटवतात का, हा प्रश्न मला सासूबाईंपासून तर शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारला, म्हणून लिहिते. माझा अनुभव, बाकीच्यांचा मला माहीत नाही. फॉर्मवर धर्म विचारतात, शाळेच्या फॉर्मवर पण विचारतात. सकाळी कॅथलिक पोरं चर्चमध्ये जातात, बाकीचे त्या वेळात अभ्यासाच्या हॉलमध्ये. जेवणाआधी प्रार्थना सगळ्यांना असते, एक मिनिटाची, पोराला पाठ झाली आहे, घरी आला की कधी कधी सवयीनं म्हणते अन मग गणपतीसमोर आरती पण म्हणते. ज्यांना जेवणाआधीची प्रार्थना पण नको असेल त्यांनी नका टाकू, तिथं जाऊन भांडू पण नका.

आता खरी गोष्ट. हे होस्टेल चालते ते ब्रदरच्या जिवावर, फादरच्या नाही. गावातल्या लोकांना वाटते ब्रदर म्हणजे छोटा फादर, अजून शिकून राहिला असेल, उद्या फादर होईल. आमचे हेच पहिल्या भेटीत विचारून बसले, "मग तुम्ही फादर कधी होता?" ब्रदर हसले, म्हणाले, "भाऊ, मी ब्रदरच राहणार." व्रतं दोघांची सारखीच, फरक एवढाच की मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करणं, पापनिवेदन ऐकणं हे फक्त फादरचं काम. बाकी आयुष्य तेच. पण मान फादरला. खुर्ची त्यांना, हार त्यांना, अन रात्री दोन वाजता पोराला ताप आला तर उठते ब्रदर. मोटर जळली ब्रदर, गाय व्याली ब्रदर, दहावीच्या पोरांचं गणित ब्रदर. ब्रदरची चप्पल तुटली होती तर दोरीनं बांधून फिरून राहिले होते, मी म्हटलं घ्या ना नवीन, तर म्हणे महिन्याच्या शेवटी खर्चाच्या वहीत लिहून मागीन, पैसे सगळ्यांचे एकत्र असतात ताई.

मी विचारलं म्हणून त्यांनीच सांगितलं की 2022 पर्यंत चर्चचा नियमच असा होता की जिथं फादर अन ब्रदर दोघं आहेत अशा बहुतेक संघांत प्रमुख फादरच पाहिजे. मे 2022 मध्ये पोप फ्रान्सिसनी तो सैल केला, आता ब्रदर पण प्रमुख होऊ शकते, मोठ्या पदासाठी मात्र व्हॅटिकनची लेखी परवानगी लागते. मी म्हटलं मग व्हा तुम्ही. ते गोठ्याकडे निघून गेले.

तर एक स्टार इथं कापला. मागच्या वर्षी ऐन डिसेंबरमध्ये त्या ब्रदरची बदली झाली. समजते मला, आज्ञापालनाचं व्रत आहे, जा म्हटलं की जायचं, माणूस एका जागी चिकटून मालक होऊ नये म्हणूनच ते असेल. पण बोर्डाची परीक्षा तोंडावर अन तुम्ही गणिताचा माणूस उचलून नेता, अन पालकांना सांगत पण नाही? आम्हाला पोरांच्या फोनवरून कळलं. त्यानंतर दोन महिने तिथं ब्रदरच नव्हता, एक फादर वॉर्डन झाले, माणूस चांगला, पण त्यांच्यामागे शाळेच्या मीटिंगा, चर्चचे कार्यक्रम, आजूबाजूच्या खेड्यांच्या भेटी. बाथरूमचा नळ वाहत राहिला, अभ्यासाच्या तासाला पोट्टे कॅरम खेळत राहिले, गोठ्यातल्या दोन गाई विकल्या अन दूध पाकिटातलं आलं. ऑफिसमध्ये बोलली तर ऐकून घेतलं, चहा पाजला, अन म्हणे प्रोव्हिन्शियलकडे, म्हणजे संघाच्या इकडच्या प्रमुखाकडे, कळवतो. चहा चांगला होता. माझं म्हणणं एवढंच की बदली करा, पण एप्रिलमध्ये करा, अन नवीन माणूस आधी आणा.

आता नवीन ब्रदर आले आहेत, तरुण आहेत, झारखंडचे, मराठी कच्ची पण हात चालतात, नळ पहिल्याच आठवड्यात बंद झाला. गणिताला बाहेरून एक सर येतात. म्हणून 4 स्टार, नाहीतर 3 देणार होती.

ज्यांना टाकायचं असेल त्यांच्यासाठी: फॉर्म उन्हाळ्यातच घ्या, जूनमध्ये जागा राहत नाही. टीसी, जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स, फोटो. बादली, मच्छरदाणी अन दोन कुलुपं द्या, एक हरवतेच. मोबाईल पोरांजवळ ठेवू देत नाहीत, रविवारी ऑफिसच्या फोनवरून बोलणं होते, लाइन लागते, दहा मिनिटाच्या वर बोलू देत नाहीत. भेटायला जाल तर रविवारी सकाळी नका जाऊ, चर्चमध्ये मिस्साची वेळ असते अन गेटवर बसून राहावं लागते, अकरानंतर जा. अन फी, गळती, ताप, काही पण विचारायचं असेल तर आधी ब्रदरला शोधा, ते बहुतेक गोठ्याकडेच भेटतील.