व्हॅक्यूम मॅट्रेस: दोन वर्षं वापरल्यावर

लाकडी फळीवर बांधलेला जखमी माणूस तासाभरात विव्हळायला लागतो, आणि तेही दुखापतीपेक्षा फळीमुळेच. दरीतून वर काढायला पाच तास लागणार असतील तर हे बघवत नाही. म्हणून आमच्या बचाव पथकाने ही गादी घेतली.

आत बारीक मणी असतात. रुग्णाला वर ठेवायचं, कडा अंगालगत दाबून धरायच्या आणि हातपंपाने हवा ओढून घ्यायची. मणी एकमेकांत रुतून बसतात आणि गादी त्याच्याच अंगाच्या आकारात कडक होते. कमरेखालची पोकळीसुद्धा भरून निघते. मांडीचं हाड मोडलेल्या एका मुलाचा आवळलेला जबडा पंप मारता मारताच सैल पडला, ते मी विसरणार नाही. शिवाय जमिनीचा गारवा कमी लागतो. तरी खाली मॅट आणि वर ब्लँकेट हवंच, अंगातली ऊब गेली की रक्त नीट गोठत नाही.

तक्रारी आहेत. ती अवजड आहे, एका माणसाची पाठ ती वाहण्यातच जाते. एकदा काटा घुसला आणि अर्ध्या वाटेत गादी लुळी पडली. तेव्हापासून पंप आणि चिकटपट्टी रुग्णासोबतच ठेवतो. हेलिकॉप्टरने उंच जातानाही गादी सैल पडते, कारण बाहेरचा दाब कमी होतो.

आवळल्यावर पायाची बोटं गार पडली का, हलतात का, हे दर थोड्या वेळाने बघा. मोहिमेच्या आदल्या रात्री हवा काढून ठेवा, सकाळी कडक असेल तरच सोबत न्या.