मुंबईतला खाण्याचा सीझन येतोय, मी कुठे कुठे जाणार ते सांगते

डिसेंबर जवळ आला की माझं कॅलेंडर सणांपेक्षा खाण्याच्या तारखांनीच भरायला लागतं, कारण मुंबईत डिसेंबर ते मार्च एवढं काही एकापाठोपाठ येतं की वीकेंड कमी पडतात. माहीमची जत्रा, मालवणी महोत्सव, सरस, वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा, कोळी सीफूड फेस्टिव्हल, काळा घोडा आणि मग रमजान. गेली काही वर्षं हे सगळं फिरल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, जिथे चुलीपुढे उभी असलेली बाई स्वतःच्या घरचं जेवण रांधत असते तिथे जा. एका मॉलमधल्या फूड फेस्टिव्हलला मी 500 रुपये नुसती एंट्री दिली होती आणि आत सगळीकडे तेच मोमोज, तेच लोडेड फ्राइज, तेच चीज ओतलेलं सगळं. बाहेर येऊन वडापाव खाल्ला.

सगळ्यात जास्त वाट बघतेय ती वेसाव्याची. वर्सोवा कोळी सीफूड फेस्टिव्हल बहुतेक जानेवारीच्या आसपास वीकेंडला असतो आणि तो चालवतात गावातलेच लोक, स्टॉलवर उभ्या असतात त्या कोळीवाड्यातल्याच बायका, अंगावर सगळे दागिने, लुगडं कोळी पद्धतीचं, आणि समोर तव्यावर बोंबील. आता बोंबील तर मुंबईत कुठेही मिळतो असं म्हणाल, पण बोंबलात पाणी एवढं असतं की तो फार तास टिकतच नाही, बंदरापासून जेवढा लांब गेला तेवढा त्याचा मऊपणा बिघडत जातो, म्हणून मग हॉटेलवाले त्याला दाबून दाबून चपटा करतात आणि वर रव्याचा जाड थर. वेसाव्यात बंदर तिथेच. थोडासा मसाला, वरून तांदळाचं पीठ, आणि आतला मासा जिभेवर ठेवला की विरघळतो. मी घाई करत होते तर तिथली मावशी म्हणाली, "थांब गो बाय, तवा तापू दे." त्या तव्यासाठी मी कितीही वेळ थांबेन.

बोंबील झाला की चिंबोरी, म्हणजे खेकडा, आणि जागा उरली तर शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पण शेवंड महाग असते आणि खरं सांगायचं तर चवीला मला चिंबोरीच जास्त आवडते. मांदेली कुरकुरीत तळलेली घ्या, ती काट्यासकट खायची. सोबत तांदळाची भाकरी, हाताने थापलेली, आणि कालवण. पापलेट मात्र मी तिथेही मोठं असेल तरच घेते. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं ते याचसाठी की त्याची वाढ व्हायच्या आधीच तो पकडला जातोय आणि समुद्रातला साठा कमी होतोय, हातभर नको पण निदान तळहातापेक्षा मोठं पापलेट दिसलं तरच मागा, छोटं कोणी घेतच नाही म्हटल्यावर आणणारेही विचार करतील. जून-जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा आपण दोन महिने थांबतोच की.

निघताना कोळी मसाल्याची पिशवी न घेता येऊ नका. मेट्रोने वर्सोवा स्टेशनला उतरायचं आणि तिथून रिक्षा, गाडी अजिबात नेऊ नका, गावातले रस्ते अरुंद आहेत आणि पार्किंगसाठी फिरण्यात भूक मरते.

दुसरं माझं आवडतं म्हणजे महालक्ष्मी सरस. राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या महिला बचत गटांचं हे प्रदर्शन बांद्र्यात भरतं, एका बाजूला मसाले-पापड-हातमाग आणि दुसऱ्या बाजूला जेवणाचे स्टॉल, जिल्ह्याजिल्ह्याचे. आणि इथे मला जे मिळतं ते मुंबईच्या एकाही हॉटेलात एका छपराखाली मिळत नाही. खानदेशातल्या बायका हातांवर मांडे फिरवत फिरवत एवढे मोठे करतात की बघणारे मोबाईल काढतात, मग तो मांडा उलट्या खापरावर टाकतात, आत पुरण, वरून तूप. शेजारी नागपूरचं सावजी, डोळ्यांतून पाणी येईल इतकं झणझणीत, त्याच्या पलीकडे कोल्हापूरचा तांबडा-पांढरा. शाकाहारी लोकांनी विदर्भाच्या स्टॉलवर पाटवडी रस्सा विचारा, आणि सोलापूरच्या स्टॉलवरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरी घेऊन या, महिनाभर पुरते.

एक सांगते, सरसला संध्याकाळी सात-आठला जाऊ नका. तेव्हा एवढी झुंबड असते की त्या बिचाऱ्या बायकांना मान वर करायला वेळ नसतो. दुपारी बाराच्या सुमारास जा, तेव्हा बोलायला मिळतं. मागच्या वेळी मी एका ताईंना विचारलं की काळा मसाला घरी केला तर कडू का होतो, त्यांनी काम करता करताच सांगितलं, दगडफूल जास्त भाजू नकोस, ते शेवटी टाक. घरी केलं तसं आणि खरंच फरक पडला. ह्या बायका गावाहून सगळं सामान घेऊन येतात, दिवसभर उभ्या राहून रांधतात, तिथे दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारे लोक बघितले की मला खूप वाईट वाटतं. प्लीज करू नका.

मालवणी महोत्सव तर उपनगरांत बऱ्याच ठिकाणी होतात, जवळचा पकडा. कोंबडी वडे आणि सोलकढी घ्या, आणि गूळ-आल्याचं मालवणी खाजं. दशावतार असेल तर रात्री थांबाच.

माहीमची जत्रा डिसेंबरात, दहा दिवस, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याची. पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, त्यांची मिरवणूक निघते ती बघण्यासारखी असते. खायला म्हणाल तर हलवा-पराठा, कढईएवढा पराठा तळून त्याचे तुकडे करून वजनावर देतात. एक प्लेट चौघांत घ्या, फार जड असतो.

काळा घोडा कला महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत. तिथे मी कला बघायला जाते, जेवायला नाही, एवढ्या गर्दीत उभं राहून काय खाणार. त्यापेक्षा चालत बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात जा, 1923 पासूनचं पारशी-इराणी हॉटेल, बेरी पुलाव मागवा आणि परत या प्रदर्शन बघायला.

आणि रमजान! दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सरकत तो आता थंडीत आलाय ह्याचा मला भयंकर आनंद आहे, कारण मे महिन्यात मोहम्मद अली रोडवर घामाघूम होऊन नल्ली निहारी खाणं आणि फेब्रुवारीच्या गार रात्री खाणं ह्यात खूप फरक आहे. मिनारा मशिदीच्या गल्लीत शिरा, कबाब खा, मग सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडचा मालपुवा, तो एकट्याने संपवायचा नाही, आणि शेवटी फिरनी. मातीच्या पसरट भांड्यातलीच घ्या, माती पाणी शोषून घेते म्हणून ती दाट लागते, प्लास्टिकच्या कपात ती मजा नाही. एकच विनंती, इफ्तारच्या वेळेलाच जाऊन टेबलं अडवू नका, दिवसभर उपाशी राहिलेल्या लोकांना आधी बसू द्या, आपण नऊ-दहानंतर जायचं, बाजार पहाटेपर्यंत चालू असतो.

ह्या वेळी वेसाव्याला मी आईला घेऊन जाणार आहे, तिला गुडघ्यांमुळे फार उभं राहता येत नाही म्हणून शनिवारी दारं उघडतानाच पोचायचं ठरवलंय, बसायला जागा मिळते आणि चिंबोरीही संपलेली नसते. तुमच्यातही कोणी वयस्कर माणसांना नेणार असेल तर हीच वेळ धरा.