दर आवाजाला विचारावे की दिवसाअखेरीस एकदाच?

स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगवान विमानांचा सौम्य केलेला आवाज लोकांना कितपत सोसवतो, हे विचारण्याच्या दोन पद्धती आहेत: प्रत्येक आवाजानंतर लगेच प्रश्नावली भरून घेणे किंवा दिवस संपल्यावर एकदाच विचारणे. खाणीतल्या सुरुंगांविषयीच्या एका सर्वेक्षणात मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. तोही आवाज क्षणिक आणि अवचितच असतो, त्यामुळे तो अनुभव इथे गैरलागू ठरू नये.

तात्काळ पद्धतीची बाजू भक्कम आहे. अमुक पातळीच्या आवाजाने किती टक्के लोक फार त्रासतात, असा आलेख नियम ठरवणाऱ्यांना हवा असतो आणि एका आवाजासमोर एक उत्तर असले की तो सरळ काढता येतो. नासाने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनजवळ एफ/ए-१८ लढाऊ विमानांना असा सौम्य आवाज निर्माण करणारा विशिष्ट सूर मारायला लावला, तेव्हा सुमारे ५०० स्वयंसेवकांकडून अशा नोंदी घेतल्या होत्या.

आवाज हलका झाला की मात्र अडचण सुरू होते. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत १२५३ ध्वनिस्फोट, म्हणजे स्वनातीत विमानांचे सौम्य न केलेले दणके, घडवले गेले. त्यांच्याकडे दुर्लक्ष होणे कठीणच होते. नासाच्या एक्स-५९ या प्रायोगिक स्वनातीत विमानाचे उद्दिष्ट कॉन्कॉर्ड या जुन्या स्वनातीत प्रवासी विमानाच्या सुमारे १०५ अनुभूत डेसिबलऐवजी (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) ७५ चे, म्हणजे थोड्या अंतरावर मोटारीचे दार लागावे इतक्या आवाजाचे आहे. मग प्रश्नावली कोरी राहिली, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? ऐकू आले नाही, ऐकू येऊनही काही वाटले नाही, की फोन दुसऱ्या खोलीत होता? मला या कोऱ्या उत्तरांनीच सर्वाधिक छळले. उपाय म्हणून आम्ही सुरुंगानंतर फोनवर सूचना पाठवू लागलो, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "तुमची घंटी वाजली की मी कान टवकारून बसते, मग वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी सुरुंगच वाटतो."

दिवसाअखेर विचारले, तर "एकदाही ऐकला नाही" हेही पूर्ण उत्तर ठरते, आणि नुकतेच झोपलेले मूल दचकून उठल्याची तक्रार लोक आपणहून सांगतात. स्मृती दगा देते, आणि दिवसभराच्या आवाजांची एकत्रित मात्रा कशी धरायची हा पेच उरतो, हे खरे. अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाई तळावरील अशाच चाचणीत २०११ मध्ये दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या होत्या, आणि खर्च झेपत असेल तर तसेच करावे. एकच निवडायची झाली, तर मी तरी दिवसाअखेरची प्रश्नावली घेईन.