पोलो जीटी टीएसआय: पंधरा, सोळा की सतरा इंची?

चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण तिची जोरदार टर्बो पेट्रोल आवृत्ती, म्हणजे जुनी जीटी टीएसआय, हाती आली की आजही पहिला हात जातो तो चाकांवरच.

सुरुवातीच्या जीटी टीएसआयला १८५/६० आर१५ टायर यायचे: रुंदी १८५ मिमी, साइडवॉल (रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची) रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची. चाकाचा बाहेरचा व्यास ६०३ मिमी. पुढचं सगळं गणित या आकड्यावर.

रिम तेच ठेवून १९५/६० आर१५ घातले, तर व्यास ६१५ होतो, म्हणजे २ टक्के जास्त. साइडवॉल १११ वरून ११७ मिमी. खड्डे सुसह्य होतात, खर्चही सगळ्यात कमी. शेजाऱ्याला मात्र काही बदललंय हे कळणारसुद्धा नाही! तरी वळणावर पकड रबराची असते, रिमच्या डिझाइनची नाही. कडक झालेले जुने टायर काढून चांगले घातले, तर ताम्हिणीच्या पहिल्या दोन-चार वळणांतच फरक समजतो.

सोळा इंची म्हणाल, तर पुढे कंपनीनेच जीटीला १९५/५५ आर१६ दिले. व्यास ६२१, म्हणजे ३ टक्के वाढ. काटा पूर्वीइतकाच आकडा दाखवेल तेव्हा गाडी ३ टक्के जास्त वेगात असेल, आणि पिकअप किंचित मंदावेल. पण साइडवॉल १०७ मिमी, मूळपेक्षा जेमतेम ४ ने कमी. दिसायला भरदार, आणि खड्ड्यात गेलं तरी वाचायला जागा. २०५/५० आर१६ चा व्यास ६११, म्हणजे मूळच्या जास्त जवळ, वळणावर थोडे चपळही. फक्त हा साइझ तुमच्या गावात मिळतो का ते विचारून मगच रिम घ्या. माझं मत विचाराल तर १९५/५५.

सतरा इंचीत २१५/४० आर१७ चा व्यास ६०४. कागदावर याच्याइतकं चोख काहीच जुळत नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. साइडवॉल उरते ८६ मिमी. पावसाळ्यात पाण्याने भरलेला एक खड्डा चुकला की टायरला फुगा येतो किंवा रिम वाकतं. शिवाय या साइझच्या साध्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ८३ असतो, म्हणजे ४८७ किलो. मूळ टायर ८४ चा, ५०० किलोचा. त्यामुळे इथे ८७ चा एक्सएल, म्हणजे जास्त वजन पेलणारा, टायरच हवा. रिमही किमान ७ इंच रुंद लागतं, आणि स्वस्तातलं जड ओतीव रिम घेतलं तर गाडी धडधडते. गुळगुळीत रस्त्यावर स्टिअरिंग झकास वाटतं, हे कबूल. पण रोज ऑफिसला जायचं असेल तर मी घेणार नाही.

आकार ठरला तरी दुकानात डोळे उघडे ठेवा. पोलोचं पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. स्कोडाच्या अलीकडच्या ऑक्टाव्हियाचं ५×११२, म्हणून तिची रिम्स कितीही आवडली तरी बसत नाहीत. रिमचं मधलं भोक, जे गाडीच्या हबवर बसतं, ५७.१ मिमी. ते मोठं असेल तर हब रिंग (फट भरणारी कडी) घाला, नाहीतर चाक नेमकं मध्यावर न बसता वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) तोच ठेवून ६ ऐवजी ७ इंच रुंद रिम घेतलं, की चाक आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमीने वाढतं. आत सस्पेन्शन आहे, बाहेर फेंडर (चाकावरचा पत्रा), म्हणून घासण्याची भीती.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते बोल्ट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयला शंकूच्या आकाराचे लागतात. जुनेच वापरले तर घट्ट वाटतात, पण बसत नाहीत, आणि चालता चालता सैल होतात. दुकानदार "चालतंय हो, साहेब" म्हणाला तरी नवा संच मागा. टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन मीटरला आवळून घ्या, ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पैसे देण्याआधी चौघांना गाडीत बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि घासल्याचा आवाज येतो का ते ऐका.